नव्वद मासे, तीन टाक्या आणि मामाचा फोन

माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात मामाचा फोन आला. इंदापूरकडे त्याचं एकरभर शेततळं आहे, त्यात रोहू-कटला सोडलेले असतात. शेजारीच पेरूची बाग. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की भाची माशांना पेरूची पानं खायला घालते आणि मासे आजारी पडत नाहीत.

"अगं, छाटणीची पानं ढिगानं पडलीत. वाळवून तळ्यात टाकू का? दुकानात इम्युनिटीची पुडी घ्यायची म्हणजे पैसे जातात नुसते."

माझा पहिला प्रयोग तेव्हा नुकताच संपला होता. आकडे इतके छान आले होते, की "टाक की" असं अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हटलं, पंधरा दिवस थांब, आमच्या समितीसमोर एक प्रेझेंटेशन आहे, ते होऊ दे.

बरं झालं थांबवलं. त्या प्रेझेंटेशनमध्ये काय झालं, ते पुढे सांगते. या विषयात संशोधन करायचं ठरवणाऱ्यांसाठी आधी विषय थोडा समजून घेऊ.

माशांना वनस्पती का खायला घालायच्या?

तळ्यातल्या माशाला रोज कसला ना कसला ताण असतो. मत्स्यबीज पिशवीत भरून गाडीतून येतं, तो एक ताण. दाटी झाली, तो दुसरा. पहाटे पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात खाली येतो, कारण रात्रभर शेवाळ आणि मासे दोघंही श्वास घेत असतात, पण प्रकाशसंश्लेषण बंद असतं. शिवाय उरलेल्या खाद्याचा आणि विष्ठेचा अमोनिया.

एरोमोनास हायड्रोफिला नावाचा जिवाणू गोड्या पाण्यात एरवीही असतोच. तो बाहेरून यावा लागत नाही. मासा तणावाखाली आला, की त्याला संधी मिळते. अंगावर लाल चट्टे, जखमा, पोट फुगणं ही त्याची लक्षणं मत्स्यशेती करणाऱ्या कुणालाही ओळखीची आहेत.

अशा वेळी सोपा उपाय म्हणून खाद्यात प्रतिजैविक मिसळलं जातं. त्यातला बराचसा भाग शरीरात न शोषला जाता पाण्यात जातो, आणि तिथले जिवाणू हळूहळू औषधाला सरावतात. कोळंबीच्या निर्यातीत तर प्रतिजैविकांचे अंश सापडले, की माल परत येतो. युरोपीय महासंघाने पशुखाद्यात वाढीसाठी प्रतिजैविकं वापरायला १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. आजार झाल्यावर औषध देण्यापेक्षा माशाची स्वतःची ताकद आधीच वाढवता येईल का, हा प्रश्न या सगळ्यातून पुढे आला. लसूण, आलं, हळद, अश्वगंधा, तुळस, पेरूची पानं यांच्यावरचे प्रयोग याच प्रश्नासाठी आहेत.

आपल्या घरात गणपतीच्या पत्रीत असणारा आघाडा घ्या. त्याच्या बिया रोहूच्या खाद्यात मिसळून एरोमोनासविरुद्धची प्रतिकारशक्ती तपासणारं दिल्ली विद्यापीठातलं काम २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. एडिनबर्गच्या हेरियट-वॉट विद्यापीठातून २००९ मध्ये रेनबो ट्राउटला लसूण आणि आलं खायला घालण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. तुम्ही विषयाला हात घालाल तेव्हा असे पेपर शेकड्यांनी दिसतील, आणि जवळपास प्रत्येकाचा निष्कर्ष "प्रतिकारशक्ती वाढली" असाच असेल. इथेच थोडं सावध व्हायचं.

माशाची प्रतिकारशक्ती म्हणजे नेमकं काय?

माशाला आपल्यासारखी रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा नसते. ते काम मुख्यतः मूत्रपिंडाचा पुढचा भाग करतो. त्याला अग्रवृक्क म्हणतात. प्रयोगात मासा उघडला, की आपण आधी तोच शोधतो. प्लीहाही मदतीला असते.

मासा प्रतिपिंडंही तयार करतो, पण त्याला आठवडे लागतात आणि पाणी थंड असेल तर आणखी उशीर. म्हणून माशाचा रोजचा भरवसा जन्मजात प्रतिकारशक्तीवर असतो: अंगावरची बुळबुळीत श्लेष्मा, जिवाणूंची भिंत फोडणारं लायसोझाइम, रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं, आणि जिवाणू गिळणाऱ्या पेशी.

या पेशींनी जिवाणू गिळला, की त्या आत सुपरऑक्साइडसारखे जहाल रेणू तयार करतात. हे मोजायला एनबीटी चाचणी असते. पिवळसर एनबीटीचं सुपरऑक्साइडमुळे निळ्या फॉर्माझानमध्ये रूपांतर होतं. निळा जितका गडद, तितकी पेशी जास्त सक्रिय. लायसोझाइमसाठी मायक्रोकॉकस जिवाणूंचं गढूळ द्रावण घ्यायचं, त्यात माशाचा सीरम टाकायचा आणि गढूळपणा किती वेगाने कमी होतो ते पाहायचं.

आता ताण. मासा घाबरला, की मेंदूतून हायपोथॅलॅमस, मग पिट्युटरी, मग अग्रवृक्कातल्या इंटररीनल पेशी असा निरोप जातो आणि कॉर्टिसॉल रक्तात येतं. पाठोपाठ रक्तातली साखर वाढते. थोड्या वेळापुरतं हे उपयोगी आहे, मासा पळू शकतो. पण ताण दिवसेंदिवस राहिला, की तेच कॉर्टिसॉल प्रतिकारशक्ती दाबतं. म्हणून "ताण" आणि "प्रतिकारशक्ती" ही आपल्या विषयाची दोन वेगळी प्रकरणं नाहीत. माझ्या चुकीशी याचा थेट संबंध आहे, म्हणून हे लक्षात ठेवा.

वनस्पती काय करतात, आणि किती द्यायच्या?

पेरूच्या पानांत क्वेर्सेटिनसारखे फ्लॅव्होनॉइड आणि टॅनिन असतात. इतर वनस्पतींत सॅपोनिन, पॉलिसॅकराइड, तेलं. यातले काही जहाल रेणूंमुळे होणारं नुकसान कमी करतात, काही रोगजंतूंची वाढ रोखतात, काही गिळणाऱ्या पेशींना जागं करतात. पण "नैसर्गिक आहे, म्हणजे जास्त दिलं तरी चालेल" हा समज इथे महागात पडतो.

मोहाची पेंड आठवा. बीज सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला ती हेक्टरी सुमारे २५०० किलो वापरतात. एक मीटर खोल पाणी धरलं, तर हे लिटरमागे २५० मिलिग्रॅम होतं. त्यातलं सॅपोनिन माशाच्या तांबड्या रक्तपेशी फोडतं. आणि ज्या वनस्पती आपण प्रतिकारशक्तीसाठी तपासतो, त्यातल्या कित्येकांत सॅपोनिनच असतं. रेणूचा प्रकार, मात्रा आणि तो पाण्यातून जातो की पोटातून, यावर औषध की विष हे ठरतं.

टॅनिनचंही तसंच. जास्त झालं, की खाद्य तुरट लागतं, मासा कमी खातो, प्रथिनं नीट पचत नाहीत. म्हणून मात्रेचा आलेख सरळ वर जाईल असं गृहीत धरू नका. बऱ्याचदा तो टेकडीसारखा असतो, वर चढून पुन्हा उतरणारा. दोनच मात्रा घेतल्या, तर टेकडीचा माथा कुठे आहे ते कळणारच नाही.

आता माझी चूक

पहिल्या प्रयोगात माझ्याकडे तीन मोठ्या टाक्या होत्या. पहिलीत साधं खाद्य, दुसरीत ०.५ टक्के पानांची पूड, तिसरीत १ टक्का. प्रत्येक टाकीत रोहूची ३० बोटुकली. साठ दिवस दोन वेळा खाद्य, दर पंधरा दिवसांनी वजन. शेवटी रक्त काढलं, चाचण्या केल्या, अ‍ॅनोव्हा केलं. १ टक्क्याच्या टाकीत एनबीटी वर, कॉर्टिसॉल खाली. फरक ठसठशीत.

समितीतल्या एका सरांनी स्लाइड पाहिली आणि विचारलं, "यात नमुने किती?"

मी म्हटलं, "नव्वद, सर."

"मला तीनच दिसतात. प्रत्येक गटात एक."

मला वाटलं सरांनी स्लाइड नीट वाचली नाही. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: टाक्या खोलीत कुठे कुठे आहेत? साध्या खाद्याची टाकी दाराजवळ, बेसिनला लागून. तिथे दिवसभर सगळे काचसामान धुतात, दार आपटतं, पावलं वाजतात. आणि १ टक्क्याची टाकी? सगळ्यात आतल्या कोपऱ्यात. तिकडे माझ्याशिवाय कुणी फिरकत नाही.

म्हणजे कॉर्टिसॉल पेरूच्या पानांनी कमी झालं, की कोपऱ्यातल्या शांततेने? माझ्या आकड्यांत याचं उत्तर नव्हतं. आणखी दहा चाचण्या केल्या असत्या, तरी नसतंच मिळालं. कारण खाद्य आणि टाकी या दोन गोष्टी मी एकमेकींना बांधून टाकल्या होत्या.

हे नीट समजायला एक साधं उदाहरण. दोन मेसपैकी कुठल्या मेसचं जेवण चांगलं हे ठरवायला तुम्ही प्रत्येकीतल्या तीस मुलांची वजनं घेतलीत. नमुने साठ नाहीत, मेस दोनच आहेत. एका मेसजवळ जिम असेल, दुसरीत सगळे फर्स्ट इयरचे असतील, तर तो फरक तीसही मुलांत एकसारखा उतरणार. टाकीतले मासे असेच असतात: एकच पाणी, एकच हवेची नळी, एक दांडगा मासा सगळ्यांना पळवणारा, आणि एक आजारी पडला तर तिसांना धोका. ते एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. आणि आपण खाद्य एकेका माशाला देत नाही, टाकीला देतो. म्हणून प्रयोगाचं एकक टाकी आहे.

याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात, म्हणजे नसलेली पुनरावृत्ती असल्यासारखी मोजणं. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ च्या पेपरमध्ये हे नाव रूढ केलं. त्यांनी पर्यावरणशास्त्रातले १७६ प्रयोग तपासले. २७ टक्क्यांत ही चूक होती, आणि ज्यांनी सांख्यिकी चाचण्या वापरल्या होत्या त्यांच्यापुरतं पाहिलं, तर ४८ टक्क्यांत. तो पेपर मी प्रेझेंटेशननंतरच्या आठवड्यात वाचला. सिनॉप्सिसच्या आधी वाचायला हवा होता, तुम्ही आधी वाचा.

दुसऱ्यांदा काय बदललं?

आठ महिन्यांचं काम बाजूला ठेवलं. रडून झालं, गाइडशी बोलून झालं, मग पुन्हा सुरुवात.

या वेळी १२ लहान टाक्या. चार प्रकारचं खाद्य (०, ०.५, १ आणि २ टक्के), प्रत्येकासाठी तीन टाक्या, दर टाकीत १५ मासे. कुठल्या टाकीला कुठलं खाद्य हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे दाराजवळची टाकी कुणाच्याही वाट्याला येऊ शकते. खाद्याच्या डब्यांवर फक्त खुणा होत्या आणि खुणांची यादी एका ज्युनिअरकडे. शेवटची चाचणी होईपर्यंत मलाच माहीत नव्हतं, कुठला डबा कशाचा.

हिशोबात फरक काय पडतो ते पाहा. मासे १८०. प्रत्येक मासा स्वतंत्र धरला, तर त्रुटीची स्वातंत्र्यांश संख्या १७६ येते आणि ५ टक्के पातळीवर एफ साधारण २.६६ च्या वर गेला की फरक "सिद्ध". टाकी एकक धरली, तर ती संख्या फक्त ८, आणि एफ ४.०७ च्या वर जावा लागतो. उंबरठा केवढा वर गेला! शिवाय आता एफ काढतानाच टाक्या-टाक्यांमधला फरक मोजला जातो. आधी जो फरक सहज "सिद्ध" व्हायचा, त्याला आता खरंच स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. माशांची संख्या वाया जात नाही. पंधरा माशांची सरासरी घेतल्याने टाकीचा आकडा पक्का होतो. पण टाक्या वाढवायला पर्याय नाही.

खाद्य करतानाही आधी न सुचलेल्या गोष्टी होत्या. २ टक्के पूड घातली, तर दुसरं काहीतरी २ टक्के कमी होतंच. शेंगदाणा पेंड कमी केली, तर प्रथिनं घटतील आणि मग तुलना पानांची राहणार नाही. म्हणून सगळ्या खाद्यांत सेल्युलोज ठेवलं आणि पूड जितकी वाढली तितकं सेल्युलोज कमी केलं. पीठ वाफवून गार झाल्यावरच पूड मिसळली, म्हणजे उष्णतेने तिच्यातले घटक बिघडायला नकोत. सगळी पानं एकाच बागेतली, एकाच दिवशी तोडलेली, सावलीत वाळवलेली. वनस्पतीची ओळख तज्ज्ञाकडून पटवून तिचा नमुना जपून ठेवला. आणि पेपर वाचताना हे ध्यानात घ्या: १ टक्का पूड आणि १ टक्का अल्कोहोलमधला अर्क यांची तुलना होत नाही.

कॉर्टिसॉलचं तर वेगळंच. जाळं पाण्यात गेलं, की काही मिनिटांत ते चढायला लागतं. एका टाकीतला पंधरावा मासा पकडेपर्यंत तो चौदा वेळा घाबरलेला असतो. म्हणून प्रत्येक टाकीतून मोजकेच मासे एकदम काढायचे, तीन मिनिटांच्या आत रक्त घ्यायचं, आणि टाक्यांचा क्रमही चिठ्ठीनेच ठरवायचा. बेशुद्ध करायला आपण लवंग तेल वापरतो. त्याची मात्रा आणि वेळ सगळ्यांना सारखी ठेवायची, कारण त्याचाही ताणाच्या प्रतिसादावर परिणाम होतो.

"वाढलं" म्हणजे "चांगलं झालं" का?

लायसोझाइम वाढलं, की आपण खूश होतो. पण माशाला अचानक थोडा ताण दिला, तरी रक्तातलं लायसोझाइम काही काळ वाढलेलं दिसू शकतं. एनबीटीचा निळा रंग गडद झाला, तर पेशी सज्ज आहेत, की कुठे आधीच संसर्ग आहे म्हणून चिडलेल्या आहेत? एका आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणून तीन-चार चाचण्या एकत्र वाचायच्या, वाढ आणि खाण्याचं प्रमाण सोबत ठेवायचं, आणि शेवटी जगण्याचा प्रश्न विचारायचा.

तो प्रश्न म्हणजे चॅलेंज टेस्ट. ठरावीक मात्रेत जिवाणू देऊन किती मासे वाचतात ते पाहायचं. साध्या गटात ६० टक्के मेले आणि पानांच्या गटात ३०, तर सापेक्ष संरक्षण ५० टक्के. सूत्र सोपं आहे: एकातून दोन्ही मृत्युदरांचं गुणोत्तर वजा करायचं, शंभराने गुणायचं. पण जिवाणू इंजेक्शनने दिला, तर त्वचा आणि श्लेष्मा हे पहिले दोन पहारेकरी आपण ओलांडलेले असतात. वनस्पतीचा फायदा नेमका श्लेष्मेत असेल, तर तो या चाचणीत दिसणारच नाही. आणि हा मासे मारणारा प्रयोग आहे. प्राणी-नीती समितीची परवानगी आधी, आणि कमीत कमी माशांत उत्तर मिळेल अशी आखणी. माझे पहिले नव्वद मासे उत्तर न देताच गेले, हे मला अजून टोचतं.

दुसऱ्या प्रयोगात काय आलं? एनबीटीतला फरक टिकला, पण आधीपेक्षा बराच लहान झाला आणि १ टक्क्यालाच दिसला. २ टक्क्याला मासे कमी खाऊ लागले. कॉर्टिसॉलमधला तो "ठसठशीत" फरक मात्र गेला. बहुधा कोपऱ्याचा होता.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी स्वतःला विचारा

- उपचार मी कशाला देतोय किंवा देतेय: माशाला की टाकीला? नमुने तितकेच.
- टाक्यांच्या जागा चिठ्ठीने ठरल्यात का?
- वनस्पती सोडून खाद्यांत आणखी काही बदलतंय का?
- निदान चार मात्रा आहेत का, आणि त्यातली एक "जास्त" म्हणावी अशी आहे का?
- रक्त काढण्याच्या पद्धतीनेच ताण तर वाढत नाही ना?
- परिणाम दिसला नाही, तर तेही लिहायची तयारी आहे का?

बारा टाक्यांची सोय नसेल, तर प्रश्न लहान करा. दोनच खाद्यं आणि प्रत्येकी पाच-सहा टाक्या, हा प्रयोग पाच खाद्यं आणि प्रत्येकी एक टाकी यापेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

मामाला मी पंधरा दिवसांनी नाही, दीड वर्षाने उत्तर दिलं. पानं तळ्यात नुसती टाकू नकोस. माशाच्या पोटात काही जाणार नाही, आणि ती कुजताना पाण्यातला ऑक्सिजन तेवढा खातील. खाद्यात मिसळायची म्हटली तरी १०० किलो माशांना दिवसाला ३ किलो खाद्य धरलं, तर १ टक्क्याने पूड जेमतेम ३० ग्रॅम लागते. ढीगभर पानांचा हिशोबच नाही हा. आणि टाकीत दिसलेलं तळ्यात दिसेल का, ते मी अजून तपासलेलं नाही.

"मग करू काय?"

"पहाटे हवेचं मशीन लाव आणि दाटी कमी कर, मामा."

"एवढं शिकून हेच सांगितलंस होय!" म्हणाला. पण मशीन लावलं. आता पुढच्या हंगामात त्याच्या तळ्यात छोटे पिंजरे लावून तपासायचा विचार आहे. पिंजरे किमान सहा लागतील, हे त्याला आत्तापासून सांगून ठेवलंय.